स्क्रूला हात शेवटी

“मॅडम, जरा ट्युनिंग मारून द्या की. अ‍ॅव्हरेज लई पडलंय.” असं म्हणत कुणी स्कूटर दारात लावली की मी आधी पेट्रोलच्या टाकीचं झाकण उघडते. मग हवेचा फिल्टर बघते, मग प्लग काढायला लावते. तोवर गाडीवाला अस्वस्थ झालेला असतो. त्याच्या हिशेबी ट्युनिंग म्हणजे पेचकस घ्यायचा, कार्ब्युरेटरच्या कुठल्याशा स्क्रूला पाव फेरा द्यायचा, दोनदा रेस करून बघायची आणि पैसे घ्यायचे. पाच मिनिटांचं काम. ते काम मीही करते, पण सगळ्यात शेवटी. बऱ्याचदा तिथवर जायची वेळच येत नाही.

मी कोल्हापूरची. आयटीआयमध्ये मोटार मेकॅनिक शाखेची शिल्प निदेशक म्हणून नोकरी केली, आता निवृत्त आहे. हाताखालून गेलेली पोरं उद्यमनगरात आणि आसपासच्या गॅरेजांत पसरली आहेत. एखादी जुनी स्कूटर ऐकेना झाली की ती माझ्याकडे धाडून देतात. माझी स्वतःची गाडी म्हणजे वडिलांची बजाज चेतक, टू-स्ट्रोक. त्यांनी नंबर लावला तेव्हा मी प्राथमिक शाळेत होते आणि गाडी दारात आली तेव्हा दहावीत. त्या काळी चेतकसाठी वर्षानुवर्षं थांबणं यात कुणाला नवल वाटत नसे. बजाजने आधी इटलीच्या पियाजिओच्या परवान्यावर व्हेस्पा बनवली. तो करार १९७१मध्ये संपला आणि १९७२पासून चेतक आली. कार्ब्युरेटर शिकायचा तर ही गाडी उत्तम, कारण तिच्यात काही लपवलेलं नाही. बाजूचं पॅनल काढलं, फिल्टरचं झाकण उचललं की सगळा कारभार समोर.

नऊ हजार लिटर हवा

कार्ब्युरेटरचं काम एका वाक्यात सांगायचं तर हवेत पेट्रोल योग्य प्रमाणात मिसळणं. हे प्रमाण वजनाने मोजतात. एक ग्रॅम पेट्रोल पुरतं जळायला साधारण १४.७ ग्रॅम हवा लागते. वर्गात हा आकडा फळ्यावर लिहिला की पोरं वहीत उतरवून घेत आणि विसरून जात. मग मी गणित घालत असे. एक लिटर पेट्रोलचं वजन अंदाजे ७४० ग्रॅम. त्याला हवा लागणार जवळजवळ ११ किलो. एक घनमीटर हवेचं वजन सव्वा किलोच्या आतबाहेर. म्हणजे एक लिटर पेट्रोल जाळायला सुमारे ९,००० लिटर हवा, उन्हाळ्यात गल्लीत येतो तसा पाण्याचा एक मोठा टँकरभर. आपण पेट्रोलचे पैसे मोजतो म्हणून सगळं लक्ष पेट्रोलकडे. इंजिन मात्र मुख्यतः हवेवर चालतं. हवेचा फिल्टर मी आधी का बघते, ते इथे कळावं.

इतक्या हवेत इतकंसं पेट्रोल कोण मोजून घालतं? हवाच घालते. कार्ब्युरेटरमधून जाणारी वाट मध्ये अरुंद केलेली असते. अरुंद जागी हवेचा वेग वाढतो आणि वेग वाढला की तिथला दाब कमी होतो. डॅनियल बर्नुलीने द्रवांबद्दलचं हे तत्त्व १७३८मध्ये मांडलं. अरुंद नळीवर प्रयोग करणारे इटलीचे जिओव्हानी बातिस्ता व्हेंचुरी यांचं लेखन १७९७चं, म्हणून त्या अरुंद जागेला व्हेंचुरी म्हणतात. पेट्रोलचा फवारा उडवणारे कार्ब्युरेटर १८९३च्या सुमाराला जर्मनीत विल्हेल्म मायबाख यांनी आणि हंगेरीत डोनाट बांकी व यानोश चोंका यांनी बनवले.

शेजारच्या छोट्या वाटीत फ्लोटने एका पातळीला राखलेलं पेट्रोल असतं. त्या पेट्रोलवर बाहेरच्या हवेचा पूर्ण दाब आणि व्हेंचुरीत दाब कमी. या फरकामुळे पेट्रोल जेटमधून, म्हणजे बारीक भोकातून, वर ढकललं जातं आणि तुषार होऊन हवेत मिसळतं. हवा जास्त गेली की फरक वाढतो, पेट्रोलही जास्त येतं. यात डोकं कुठेच नाही. प्लग काळा पडला, फिल्टर तुंबला, गाडी घाट चढून वर गेली, पेट्रोल बदललं, यातलं काहीही कार्ब्युरेटरला कळत नाही. ते कळून घेण्याचं काम माणसाचं आहे. ट्युनिंग म्हणतात ते यालाच.

पेट्रोल प्रमाणापेक्षा जास्त असलं तर मिश्रण ‘रिच’ आणि कमी असलं तर ‘लीन’. रिच गाडी पेट्रोल खाते, धूर काढते, प्लग काळा करते. लीन गाडी कमी पेट्रोल खाते म्हणून लोकांना आवडते, पण ती तापते. टू-स्ट्रोकमध्ये तर पिस्टनला मिळणारं तेलही पेट्रोलमधूनच येतं. जुन्या चेतकवाल्यांना लिटरमागे २० मिलिलिटरचं माप तोंडपाठ असेल. पेट्रोल कमी म्हणजे तेलही कमी. अ‍ॅव्हरेजच्या हव्यासापायी स्क्रू आणि जेट आवळत आणलेल्या गाड्यांचे पिस्टन भर दुपारी हायवेवर पकडलेले मी पाहिले आहेत. वाचवलेल्या पेट्रोलच्या कैक पटींनी बोअरिंगचा खर्च येतो.

कार्ब्युरेटर सोडून सगळं

आता क्रम. टाकीच्या झाकणाला हवा आत यायला बारीक भोक असतं. ते मातीने बुजलं की पेट्रोल खाली उतरताना टाकीत पोकळी तयार होते आणि प्रवाह मंदावतो. गाडी सुरू होते, थोडं अंतर मजेत जाते, मग मिसिंग मारत बंद पडते. दहा मिनिटांनी पुन्हा सुरू होते. मालक सांगतो, “कार्ब्युरेटरमध्ये कचरा आलाय.” दुखणं बारीक भोकाचं असतं आणि औषध टाचणीचं. खात्री करायची तर गाडी बंद पडल्याबरोबर झाकण उघडायचं. हवा आत ओढली जाण्याचा आवाज झाला तर चोर सापडला.

त्यानंतर पेट्रोल. महिनोन्‌महिने उभ्या राहिलेल्या गाडीतलं पेट्रोल उडून जातं आणि मागे चिकट थर ठेवतं. तो थर सगळ्यात आधी स्लो जेटमध्ये बसतो, कारण त्याचं भोक सगळ्यात बारीक. मग पेट्रोलचा कॉक आणि त्याची जाळी, हवेचा फिल्टर, मग प्लग. प्लगचं टोक फिक्या कॉफीच्या रंगाचं, तांबूस असलं तर मिश्रण ठीक. पांढरंफटक असेल तर लीनचा संशय घ्यावा. कोरडी काजळी म्हणजे रिच. ओलं, तेलकट असेल तर ठिणगी तपासावी आणि तेलाचं माप विचारावं. मात्र प्लग वाचायचा तर गाडी चालवून आल्यावर लगेच. गॅरेजसमोर आयडलिंगवर घुरघुरत ठेवलेल्या गाडीचा प्लग फक्त आयडलिंगची हकिकत सांगतो.

शेवटी हवेची गळती. कार्ब्युरेटरच्या तळाचं पॅकिंग फाटलं, नाहीतर मॅग्नेटच्या बाजूचं ऑइल सील गेलं, तर इंजिन चोरवाटेने हवा घेतं. ही हवा व्हेंचुरीतून न आल्याने तिच्याबरोबर पेट्रोल येत नाही. मिश्रण लीन होतं, रेस आपोआप चढते, ॲक्सिलरेटर सोडला तरी खाली येत नाही. अशा गाडीचा स्क्रू दिवसभर फिरवला तरी ती आज लागते, उद्या बिघडते. क्लचच्या बाजूचं सील गेलं तर खूण वेगळी: इंजिन गिअरचं तेल ओढतं आणि पांढऱ्या धुराने गल्ली भरते. दोन्ही आजार कार्ब्युरेटरचे नव्हेत आणि दोन्हींसाठी शिक्षा मात्र त्यालाच होते.

जेट आणि तार

इतकं करूनही गाडी ऐकत नसेल तर कार्ब्युरेटर उघडावा. चेतकमध्ये मुख्य दोन जेट: स्लो आणि मेन. आयडलिंगला आणि ॲक्सिलरेटर जेमतेम उघडलेला असताना स्लो जेटचा अंमल, पाऊण उघडल्यापासून पुढे मेन जेटचा, अधल्यामधल्या भागात दोघांचा. मोटारसायकलच्या बहुतेक कार्ब्युरेटरांत मधल्या टप्प्यासाठी निमुळती सुई असते. चेतकमध्ये ती नाही. गाडी कुठल्या टप्प्यावर नखरे करते, हे विचारलं की कुठे बघायचं ते अर्धं कळतं. आयडलिंगला बंद पडते पण हायवेला छान पळते, तर मेन जेटच्या वाटेला जायचं कारण नाही.

जेट पितळेचे. त्यावरचा आकडा बहुधा भोकाचा व्यास मिलिमीटरच्या शंभराव्या भागांत सांगतो. १०० म्हणजे १ मिलिमीटर. आता गॅरेजमधली जुनी खोड बघा. जेट तुंबला की क्लचच्या केबलची एक तार तोडायची आणि भोकात खुपसून फिरवायची. पितळ मऊ, तार पोलादी. १ मिलिमीटरचं भोक घासून १.०५ झालं तर डोळ्यांना दिसणार नाही, पण क्षेत्रफळ १० टक्क्यांनी वाढतं. म्हणजे जेट साफ झाला आणि गाडी जन्माची पेट्रोल खाऊ लागली. जेट कार्ब्युरेटर क्लीनरमध्ये भिजवावा, हवा मारावी, उजेडाकडे धरून भोक गोल दिसतं का बघावं. नाहीच सुटलं तर नवा घ्यावा. हातात तार दिसली की पोरांना मी वर्गाबाहेर काढत असे.

आता स्क्रू

चेतकच्या कार्ब्युरेटरला फिरवायचे दोन स्क्रू. वरचा रेसचा, हवेची वाट अडवणारा पडदा किती उघडा राहील ते तो ठरवतो. मागच्या बाजूचा मिश्रणाचा. त्याला हात लावण्याआधी तो हलकेच आत फिरवत किती फेऱ्यांत टेकतो ते मोजून लिहून ठेवावं. काही बिघडलं तर परत यायला घराचा पत्ता हवा. टेकला की थांबायचं, आवळायचं नाही. त्याचं टोक निमुळतं असतं, आवळलं की त्यावर वळ पडतो आणि मग तो कधीच नीट लागत नाही.

गाडी आधी काही किलोमीटर फिरवून गरम करावी. थंड गाडी लावली तर ती थंड गाडीसाठीच लागते. चोक पूर्ण बंद असल्याची खात्री करावी. हँडल या टोकापासून त्या टोकापर्यंत वळवून बघावं. रेस बदलली तर केबल ताणलेली आहे, ती आधी सैल करावी. हे सगळं उघड्यावर करावं. बंद खोलीतला धूर जीव घेतो, आणि पेट्रोल सांडलेल्या जागी विडी-सिगारेट पेटवणाऱ्याला लांब घालवावं.

मग मिश्रणाचा स्क्रू टेकवून दीड फेरा बाहेर घ्यावा. बहुतेक गाड्यांना सुरुवातीला हे चालतं. रेस किंचित वाढवून ठेवावी. आता स्क्रू पाव-पाव फेरा आत घेत जावं आणि प्रत्येक वेळी काही सेकंद थांबावं. ही थांबण्याची पायरी सगळे गाळतात. इंजिनाला बदल पचवायला वेळ लागतो. आत जाता जाता एका जागी आवाज अडखळतो, इंजिन मरायला टेकतं: लीन. मग बाहेर यावं. आवाज भरतो, रेस चढते, एका जागी सगळ्यात वर आणि सगळ्यात एकसारखी होते. आणखी बाहेर गेलं की आवाज जड होतो आणि टू-स्ट्रोक ढब-ढब करायला लागतं, कारण मिश्रण इतकं रिच होतं की एक स्फोट हुकतो आणि दुसरा लागतो. मिनिटाला १,२०० फेरे धरले तर सेकंदाला २० स्फोट व्हायला हवेत. ते निम्मे झाले की कानाला लगेच कळतं. या दोन टोकांमधली सगळ्यात भरलेली जागा पकडावी, टू-स्ट्रोकला त्याहून किंचित बाहेर ठेवावं आणि मग रेस खाली आणावी. रेस बदलली की मिश्रण जरासं हलतं, म्हणून पुन्हा एकदा ऐकावं.

परीक्षा सोपी. ॲक्सिलरेटर झटकन उघडा. इंजिन क्षणभर गुदमरून मग उचलत असेल तर लीन. घोगरं होऊन रेंगाळत असेल तर रिच. सोडल्यावर रेस वर लटकून राहिली तर लीन. खाली आपटून बंद पडायला आली तर रिच. शंका राहिलीच तर चालत्या गाडीत चोक थोडा ओढा. गाडी सुधारली तर तिला पेट्रोल कमी पडत होतं, बिघडली तर आधीच पुरेसं आहे.

एक इशारा मात्र सगळ्या गाड्यांसाठी. आत फिरवलं की लीन, हे चेतकचं. स्क्रू पडद्याच्या इंजिनाकडच्या बाजूला असेल तर तो मिश्रण सोडतो आणि बाहेर काढला की रिच होतो. फिल्टरकडच्या बाजूला असेल तर तो नुसती हवा सोडतो. तिथे बाहेर काढला की लीन. अनेक जुन्या मोटारसायकलींना हा दुसरा प्रकार. एका गाडीवर शिकलेला हात दुसरीवर नेमका उलटा चालतो.

पीयूसी, घाट आणि ऊस

मिश्रणाच्या स्क्रूचा अंमल फक्त आयडलिंगच्या टप्प्यावर, आणि दुचाकीची पीयूसी तपासणीही आयडलिंगलाच. मार्च २०००पर्यंत बनलेल्या दुचाकींना कार्बन मोनॉक्साइडची मर्यादा ४.५ टक्के, त्यापुढच्या काही वर्षांच्या गाड्यांना ३.५. त्यामुळे तपासणीआधी स्क्रू आत घ्यायचा आणि कागद मिळाला की पुन्हा बाहेर, ही युक्ती सर्वांना ठाऊक आहे. गाडी नीट लावलेली असेल तर तिची गरज पडत नाही.

कोल्हापूर समुद्रसपाटीपासून साडेपाचशे मीटरांच्या आसपास. आंबा घाटातून रत्नागिरीला उतरलं की हवा दाट होते. इथे लावलेली गाडी तिथे थोडी लीन चालते. उलट रत्नागिरीची स्कूटर महाबळेश्वरला, साडेतेराशे मीटरांवर नेली तर हवा तिथे १२ टक्क्यांच्या आसपास विरळ. पेट्रोल त्या मानाने कमी होत नाही आणि मिश्रण ६-७ टक्क्यांनी रिच होतं. चढाला गाडी दमल्यासारखी वाटते ती थोडी विरळ हवेने आणि थोडी यामुळे. दोन दिवसांच्या सहलीसाठी जेट बदलू नये. पण टू-स्ट्रोकवाल्यांनी घाट उतरताना एक पाळावं: ॲक्सिलरेटर पूर्ण बंद ठेवून गिअरमध्ये लांबच लांब उतरू नये. पेट्रोल बंद म्हणजे तेल बंद, आणि पिस्टन तर जोरात फिरतोय. अधूनमधून थोडा ॲक्सिलरेटर द्यावा. पेट्रोल वाचवायला इंजिन बंद करून न्यूट्रलमध्ये उतरणाऱ्यांचं तर सगळं ओझं ड्रम ब्रेकवर येतं. ते तापले की धरत नाहीत.

आता नवी गोष्ट इथेनॉलची. आमच्या जिल्ह्यातल्या साखर कारखान्यांना इथेनॉल हे उसाचं नवं उत्पन्न आहे आणि २० टक्के इथेनॉलचं ई-२० पेट्रोल २०२३पासून पंपांवर यायला लागलं. शेतकऱ्याच्या घरातली म्हणून मला त्याचं वावडं नाही. पण जुन्या कार्ब्युरेटरला ते कळत नाही. इथेनॉलमध्ये मुळातच ऑक्सिजन असल्याने त्याला हवा कमी लागते. ई-२०चं योग्य प्रमाण १४.७ वरून साडेतेराच्या आसपास येतं. जेट तोच, हवा तीच, म्हणजे जुनी गाडी ७-८ टक्क्यांनी लीन चालते. शिवाय इथेनॉल पाणी ओढून घेतं, टाकीतला जुना थर सोडवून जेटकडे पाठवतं आणि जुन्या रबराला फुगवतं. उपाय साधे आहेत: पावसाळ्यात गाडी पेट्रोलसकट महिनोन्‌महिने उभी ठेवू नये, पाइप आणि पॅकिंग नव्या पेट्रोलला टिकणारं घालावं आणि प्लगचा रंग पाहावा. पांढरा पडत असेल तर मेन जेट एका आकड्याने मोठा करावा.

नव्या गाड्यांचं काय?

अ‍ॅक्टिव्हासारख्या गिअरलेस स्कूटरांच्या कार्ब्युरेटरात पडदा केबलने थेट वर जात नाही. इंजिनाच्या व्हॅक्यूमवर, एका पातळ रबरी डायफ्रामने उचलला जातो. डायफ्रामला सुईएवढं छिद्र पडलं की गाडी पिकअप घेत नाही, आणि स्क्रू कितीही फिरवला तरी छिद्र बुजत नाही. १ एप्रिल २०२०पासून बीएस-६ नियम आले आणि नव्या स्कूटरांमध्ये फ्युएल इंजेक्शन आलं. तिथे सायलेन्सरकडे जाणाऱ्या धुरातला ऑक्सिजन सेन्सर मोजतो आणि संगणक पेट्रोल कमी-जास्त करतो. जे काम माझा कान करत होता ते आता तो सेन्सर करतो, आणि न थकता करतो. मला याचं दुःख नाही.

तरी क्रम सुटलेला नाही. परवाच माझ्या एका विद्यार्थ्याने इंजेक्शनची स्कूटर आणली. स्कॅनर लीनचा कोड दाखवत होता, सेन्सर बदलायची तयारी झाली होती, महाग वस्तू. मी इनटेकचा रबरी जोड दाबून बघायला सांगितलं. त्याला चीर होती. सेन्सर खरं बोलत होता, चोरवाटेने हवा येतच होती.

म्हणून पुढच्या वेळी जुनी स्कूटर ट्युनिंगला टाकाल तेव्हा “अ‍ॅव्हरेज किती वाढेल” हे विचारू नका. “मिश्रणाचा स्क्रू आधी किती फेऱ्यांवर होता?” एवढंच विचारा. मेकॅनिकने आकडा सांगितला तर गाडी तिथे ठेवून निर्धास्तपणे चहाला जा. तो हसला, किंवा “त्यात काय मोजायचं” म्हणाला, तर पेचकस तुम्हीच मागून घ्या.